पाटी पुसण्यापूर्वी

वाचकहो, शाळेत जाणारे मूल नवा धडा गिरविण्यापूर्वी पाटी पुसते. पाटीवर काल काय होते याची त्याला खंत नसते, कारण कालचा धडा त्याच्या डोक्यात गेलेला असतो. घरातील जुन्या संगणकावर नवी कार्यप्रणाली टाकावयाची झाली की आपणही हार्ड डिस्कची पाटी पुसतो. आपल्याकडे त्याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. मात्र संगणकाच्या पाटीवर जे लिहिलेले असते ते पुष्कळदा कुणाच्याही डोक्यात नसते आणि दुसऱ्या कुठल्या कागदावरही नसते. म्हणून ही पाटी पुसण्यापूर्वी काय काय करावे, याविषयी आम्हां उभयतांना आलेला अनुभव चार घरांच्या उपयोगी पडावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

हे काम आमच्याकडे का निघाले ते आधी सांगतो. आमचा संगणक २०१३ साली घेतलेला. तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा त्यात विंडोज ७ होते. २०१६ साली त्याचेच विंडोज १० करून घेतले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबविला. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडला असा नव्हे. पण सुरक्षेच्या ज्या दुरुस्त्या दर महिन्याला आपोआप येत, त्या नेहमीप्रमाणे येईनाशा झाल्या. वेगळी नोंदणी करणाऱ्यांसाठी वाढीव मुदतीची सोय ठेवण्यात आली, पण तीही काही कायमची नव्हे. विंडोज ११ टाकावे तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या यंत्रात यापैकी काहीच नाही. नवा संगणक घेण्याइतकी निवृत्तिवेतनात सवड नाही. तेव्हा लिनक्स मिंट ही विनामूल्य प्रणाली टाकावी असे ठरले. तिला २ जीबी रॅम पुरते आणि ४ जीबीत ती बरी चालते.

शेजारचा मुलगा संगणक दुरुस्तीचे काम करतो. तो म्हणाला, “काका, पेन ड्राइव्ह घेऊन येतो. अर्ध्या तासात फॉरमॅट मारतो आन् लिनक्स टाकून देतो. काकू, तुम्ही फक्त चहा ठेवा.” मुलगा हुशार आहे आणि त्याचे म्हणणे चुकीचेही नव्हते. डिस्क फॉरमॅट करावयास खरोखर काही सेकंद लागतात. परंतु त्या डिस्कवर काय आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते. ते आम्हालाच पाहावयाचे होते. म्हणून त्या अर्ध्या तासाच्या कामासाठी आम्ही त्याच्याकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली. चहा मात्र त्याला त्या दिवशीच पाजला.

आता या डबीत असते काय आणि फॉरमॅट म्हणजे नेमके होते काय, हे थोडक्यात पाहू. हार्ड डिस्क म्हणजे बंद डबीत गरगर फिरणाऱ्या, चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या. आयबीएम कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या होत्या आणि सगळ्या मिळून त्यांत ५० लाख अक्षरे मावत. आमच्या हातभरही नसलेल्या डबीत त्याच्या लाखपट मावते. आता ५०० जीबीची म्हणून घेतलेली डिस्क संगणक ४६५ जीबीच दाखवितो, तेव्हा पुष्कळांना दुकानदाराने फसविले असे वाटते. तसे काही नसते. बनविणारी कंपनी हजाराच्या पटीने मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक.

या चकत्यांवर गोल पट्टे असतात व पट्ट्यांवर लहान लहान घरे असतात. त्यांना सेक्टर म्हणतात. पूर्वी एका घरात ५१२ बाइट मावत. नंतरच्या डिस्कमध्ये ४०९६ मावू लागले. ही घरे पाडण्याचे काम कारखान्यातच झालेले असते. आपण घरी करतो ते त्यापुढचे काम, आणि त्याचे दोन भाग आहेत : आधी पार्टिशन, मग फॉरमॅट.

पार्टिशन समजावून घ्यायला वावराचे उदाहरण आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना जवळचे आहे. एकच वावर भावाभावांत वाटले की मध्ये धुरे पडतात. माती तीच असते. कुणाचा धुरा कुठून कुठे, हे मोजणीच्या नकाशावर लिहिलेले असते. आपल्याकडचे दुकानदार संगणक देताना डिस्कचे सी, डी आणि ई असे भाग पाडून देतात, ते हे धुरे. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली होती म्हणून हार्ड डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेल्या, पण सी राहिले. धुऱ्यांचा नकाशा म्हणजे पार्टिशन टेबल. जुन्या एमबीआर पद्धतीत हा नकाशा डिस्कच्या अगदी पहिल्या घरात असतो. त्यात मुख्य भाग चारच नोंदविता येतात आणि सुमारे २ टीबीच्या पलीकडची जागा त्याला नेहमीच्या ५१२ बाइटांच्या हिशेबाने मोजता येत नाही. नव्या जीपीटी पद्धतीत साधारणपणे १२८ भागांची सोय असते आणि नकाशाची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. म्हणजे ज्यांनी ही पद्धत बसविली त्यांनीसुद्धा महत्त्वाच्या कागदाची एक प्रत दुसऱ्या टोकाला ठेवली, हे ध्यानी घ्यावे.

वावर वाटले म्हणजे लगेच पेरता येते असे नाही. वखरावे लागते, धसकटे वेचावी लागतात. तसे पार्टिशन पाडल्यावर ते फॉरमॅट करावे लागते. फॉरमॅट करणे म्हणजे त्या भागात फाइल सिस्टिम मांडणे, आणि फाइल सिस्टिम म्हणजे कोणती फाइल कुठल्या घरात ठेवली आहे याची नोंदवही. विंडोजची नोंदवही एनटीएफएस पद्धतीची असते, लिनक्सची बहुधा ईएक्सटी४ पद्धतीची, आणि पेन ड्राइव्हवर फॅट३२ किंवा एक्सफॅट असते. नवी प्रणाली टाकताना नवी नोंदवही लागते, म्हणून जुनी फाडावी लागते. इतकेच.

‘क्विक फॉरमॅट’ केला असता फक्त नोंदवही बदलते. ग्रंथालयातील पुस्तके कपाटात तशीच आहेत पण कोणते पुस्तक कुठे आहे हे सांगणारी वही गेली, अशी स्थिती होते. त्या कपाटांत नवी पुस्तके येऊन पडली की मग जुनी खरोखर जातात. पूर्ण फॉरमॅट केला तर विंडोज व्हिस्टापासून पुढच्या प्रणाली त्या भागातील प्रत्येक घरात शून्य लिहितात; त्यानंतर जुने काही परत मिळत नाही. एसएसडी नावाच्या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये क्विक फॉरमॅटनंतरही जुना मजकूर बहुधा लवकरच साफ होतो, कारण रिकाम्या झालेल्या जागा ती स्वतःच झाडून ठेवते. तेव्हा ‘मागाहून काढून घेऊ’ या भरवशावर कुणी राहू नये.

आता आपल्या घराघरांतून एक समजूत आहे : “सी मध्ये विंडोज असते, आपल्या फाइली डी आणि ई मध्ये असतात, सी फॉरमॅट केला तरी आपले काही जात नाही.” ही समजूत अर्धी खरी आहे, आणि म्हणूनच ती फसविते. पहिली गोष्ट, आपण काही न सांगता ‘सेव्ह’ केलेली फाइल डॉक्युमेंट्समध्ये जाते. डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळे कप्पे सी मध्येच असतात. दुसरी गोष्ट, लिनक्स टाकताना ‘संपूर्ण डिस्क पुसून टाका’ असाही एक पर्याय पुढे येतो, आणि तो निवडला की धुऱ्यांसकट सगळे वावर एक होते. सी, डी, ई ही नावे विंडोजने ठेवलेली आहेत. लिनक्स त्यांना एसडीए१, एसडीए२ अशा नावांनी ओळखतो. आमच्या एका नातलगाकडे अशाच वेळी मुलीच्या साक्षगंधाचे सगळे फोटो गेले. डी सुरक्षित आहे या समजुतीत घरचे निर्धास्त होते.

आमच्या डिस्कवर काय होते ते आता सांगतो. आमच्यापैकी एकाचे वडील व एकीचे सासरे, म्हणजे आमचे बाबा, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या आठवणी चार वह्यांत लिहून काढल्या. २००५ साली त्या शहरातील एका डीटीपी केंद्रात टाइप करून घेतल्या. २१२ पाने झाली. पुस्तक काढायचे राहून गेले, कारण त्या वर्षी घरात लग्न निघाले. वह्या माळ्यावर होत्या. त्यांना वाळवी लागली. फ्लॉपी होत्या, पण फ्लॉपी वाचणारे यंत्र कुणाकडे राहिले नाही. २०१४ साली बाबा गेले. म्हणजे त्यांच्या आठवणींची एकुलती एक प्रत ई ड्राइव्हवर, ‘बाबा’ नावाच्या कप्प्यात होती.

त्याच ड्राइव्हवर आणखी एक कागद होता. आमच्या आजोबांच्या जन्मनोंदीची कोतवाल बुकातील नक्कल, स्कॅन केलेली. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा किती धावपळ करून मिळवावा लागतो, हे आपल्या वाचकांना आम्ही सांगावयास नको. मूळ नक्कल घड्यांवर फाटत आली आहे. पुढे नातवंडांना तो कागद लागेलच.

तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही डिस्कची प्रकृती पाहिली. प्रत्येक हार्ड डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतः ठेवीत असते. त्या नोंदीला स्मार्ट म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या मोफत साधनाने ती वाचता येते. आमच्या डिस्कपुढे पिवळा ‘सावधान’ उमटला. थोडी घरे खराब होऊन त्यांच्या जागी राखीव घरे वापरली गेली होती. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा असा पिवळा-तांबडा शेरा दिसत असेल, तर बाकीचे सगळे बाजूला ठेवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढावी. आम्ही त्याच संध्याकाळी ‘बाबा’ हा कप्पा आणि ती नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली. मगच जेवलो.

दुसऱ्या दिवसापासून यादी करण्यास बसलो. वाचकहो, हे काम एकट्याचे नाही आणि मेकॅनिकचे तर नाहीच नाही. ज्यांनी ज्यांनी त्या संगणकावर बोट ठेवले त्या सर्वांना विचारावे लागते. पुण्याच्या मुलीला फोन केला तर ती म्हणाली, “आई, माझ्या एम.ए.च्या प्रबंधाच्या मुलाखती डाउनलोड्समध्ये असतील, बघ ना.” मुलाने सांगितले की ब्राउझरमध्ये साठविलेले पासवर्ड आणि बुकमार्क आधी काढून ठेवा, कारण ते फाइलसारखे नजरेस पडत नाहीत. गृहनिर्माण संस्थेचे सहा वर्षांचे हिशेब सी मध्येच निघाले. विमा, वीजबिल, शिष्यवृत्तीचे अर्ज, कर भरल्याच्या पावत्या असे एकेक पुढे येत गेले. यादी एका वहीत लिहिली : फाइलीचे नाव, कुठे आहे, कुणाची आहे, प्रत झाली का, उघडून पाहिली का. पाच रकाने. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, हे आम्हाला लवकरच कळले.

कारण बाबांच्या आठवणींची प्रत मुलीने आपल्या लॅपटॉपवर उघडली आणि तिथे मराठीचे एक अक्षर दिसेना. इंग्रजी अक्षरे, टिंबे, कंस, उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी. प्रत नीट झाली होती, फाइल शाबूत होती, पण वाचता येत नव्हती. असे का होते, हे ज्यांच्या घरी २००८-१० पूर्वी टाइप केलेला मराठी मजकूर आहे त्या प्रत्येकाने समजून घ्यावे. त्या काळी डीटीपी केंद्रांत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट वापरीत. त्यांत मराठी अक्षरांना स्वतःचा सर्वमान्य क्रमांक नसे. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचा आकार बसविलेला असे. फॉन्ट हजर असला तर ‘क’ दिसतो, फॉन्ट नसला तर त्या जागचे मूळचे चिन्ह दिसते. आज आपण मोबाइलवर लिहितो ती युनिकोड पद्धत. तीत ‘क’ हा सगळ्या जगात ‘क’च असतो.

आमच्या संगणकावर बाबांचा मजकूर वाचता येत होता, कारण तो जुना फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स नावाच्या कप्प्यात होता. आणि तो कप्पा असतो सी मध्ये! म्हणजे आम्ही फाइल सांभाळली असती आणि सी पुसला असता, तर २१२ पानांची कुलुपे हाती राहिली असती व किल्ली गेली असती.

मग क्रमाने तीन कामे केली. पहिले, फॉन्टची फाइल काढून मजकुराच्या शेजारी ठेवली. दुसरे, जुन्याच संगणकावर त्या दस्तऐवजाची पीडीएफ केली. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधून देता येतो, त्यामुळे ती कुठल्याही यंत्रावर तशीच दिसते. तिसरे आणि वेळखाऊ काम म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणे. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते जोडाक्षरांत, रफारांत आणि ऱ्हस्व वेलांट्यांत चुकतात. तेव्हा एकाने पडद्यावरची पीडीएफ मोठ्याने वाचायची आणि दुसरीने युनिकोडमधील चूक दुरुस्त करायची, असे रोज रात्री जेवणानंतर चालले. अकरा रात्री लागल्या. घरात दोन आवाज, आणि त्यातून तिसरा आवाज बाबांचा. त्यांची ‘बरं का’ म्हणण्याची लकब त्या मजकुरात पानोपानी होती.

आठव्या रात्री सी मधील डॉक्युमेंट्सचा कप्पा तपासताना एक फाइल दिसली. नाव रोमन अक्षरांत ‘डेणे’ असे काहीसे. आकार अगदीच किरकोळ, काही केबी. अशी फाइल सहज ‘डिलीट’ व्हावी. पण वहीतला पाचवा रकाना भरावयाचा होता म्हणून उघडून पाहिली. बाबांनी शेवटच्या वर्षी दुपारी संगणकापुढे बसून एकेक बोटाने लिहिलेले ते एक पान होते. वरती शीर्षक ‘देणे’. खाली सात ओळी. अध्यापक विद्यालयात शिकत असताना ज्यांनी पैसे दिले आणि ज्यांचे परत करावयाचे राहून गेले, त्यांची नावे, गावे आणि रकमा. परीक्षेची फी भरण्यासाठी एका गुरुजींनी दिलेले ११ रुपये. खाणावळीचे राहिलेले साडेसहा रुपये. एका विधवा बाईने दिलेली जोंधळ्याची एक पायली. तिच्यापुढे रक्कम लिहिलेली नव्हती. सर्वांत खाली एक वाक्य : फेडता आले नाही, विसरलो मात्र नाही.

ही यादी बाबांच्या २१२ पानांत कुठेही नव्हती. ती त्यांनी आम्हाला कधी सांगितली नव्हती. ‘सी मध्ये फक्त विंडोज असते’ या समजुतीवर विसंबून त्या दिवशी फॉरमॅट मारला असता, तर ती होती हेसुद्धा आम्हाला कधी कळले नसते. मनुष्य मौल्यवान वस्तू नेहमी मोठ्या पेटीत ठेवतो असे नाही. पुष्कळदा ती जिथे हात सहज पोहोचेल तिथे ठेवलेली असते.

असो. यानंतर प्रती काढण्याचे काम. जाणते लोक तीन-दोन-एक असा नियम सांगतात : प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आम्ही एक प्रत १ टीबीच्या बाहेरून जोडावयाच्या डिस्कवर ठेवली, एक पेन ड्राइव्हवर घालून मुलीकडे पुण्याला पाठविली आणि एक इंटरनेटवरील साठवणीत ठेवली. लग्नाच्या चित्रफितीची एक फाइल ५ जीबीची होती, ती पेन ड्राइव्ह घेईना. ड्राइव्हवर जागा असूनही ‘फाइल फार मोठी’ असे उत्तर येई. कारण फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते. पेन ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केला आणि काम झाले. प्रत्येक प्रत दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिली. जी प्रत उघडून पाहिली नाही ती प्रत धरू नये.

ज्यांच्याकडे नवे लॅपटॉप आहेत त्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. त्याला बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. त्याची ४८ आकड्यांची किल्ली असते. कुठल्याही दुरुस्तीपूर्वी ती कागदावर उतरवून ठेवावी.

सोळाव्या दिवशी, म्हणजे मागून घेतलेल्या मुदतीपेक्षा एक दिवस उशिरा, शेजारचा मुलगा आला. त्याने लिनक्स मिंटची फाइल उतरवून घेतली होती आणि तिचा पडताळणी-अंक जुळतो हे पाहून ती पेन ड्राइव्हवर चढविली होती. अशा वेळी तो पेन ड्राइव्ह स्वतःच पुसला जातो, म्हणून त्यासाठी रिकामाच पेन ड्राइव्ह घ्यावा. त्याने आधी प्रणाली डिस्कवर न टाकता पेन ड्राइव्हवरूनच चालवून दाखविली. पडदा, आवाज, वायफाय, छपाईयंत्र सगळे चालते हे पाहून घेतले. इथपर्यंत डिस्कला हात लागलेला नसतो आणि माघार घेता येते.

मग आम्ही बाहेरची १ टीबीची डिस्क काढून कपाटात ठेवली. ही गोष्ट लहान दिसते, पण फॉरमॅटच्या वेळी प्रतींची डिस्क संगणकाला जोडलेली असली तर चुकीच्या नावावर बोट पडण्यास एक क्षण पुरे. पडद्यावर डिस्कची नावे आली तेव्हा आम्ही नावावर न जाता आकारावर गेलो : ४६५ च्या जवळपास आकडा असलेली ती आपली, १६ जीबीचा तो पेन ड्राइव्ह. मुलाने वळून विचारले, “काका, काकू, मारू का फॉरमॅट?” आम्ही वही उघडून पाचवा रकाना वरून खालपर्यंत एकदा पाहिला आणि ‘मार’ म्हणालो.

जुने भाग काढले, नवा नकाशा मांडला, प्रणालीसाठी १०० जीबी आणि उरलेली जागा घरच्या फाइलींसाठी असे दोन भाग ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केले. वेगळा भाग ठेवण्याचा फायदा असा की, पुढे प्रणाली बदलताना तेवढाच भाग नव्याने फॉरमॅट करता येतो. पण याही भागावर भरवसा ठेवून प्रती काढण्याचा कंटाळा करू नये. पिवळा शेरा मिळालेल्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवणार नाही, असे आम्ही उभयतांनी ठरवून टाकले आहे. ती आता कामापुरती वापरतो आणि पैसे जमताच तिच्या जागी लहानशी एसएसडी बसवू. तेव्हा ही जुनी डिस्क भंगारात देताना मात्र क्विक फॉरमॅटवर भागवून चालणार नाही. आधार कार्डापासून बँकेच्या पासबुकापर्यंत सगळे तिच्यावर होऊन गेले आहे. कपाटातील पुस्तके तशीच असतात हे वर सांगितलेच आहे. तिच्यावर आरंभापासून शेवटपर्यंत शून्ये लिहूनच ती घराबाहेर जाईल.

आणि कुणाच्या हातून चुकून फॉरमॅट झालाच, तर त्या डिस्कवर त्यानंतर एकही फाइल लिहू नये, संगणक तत्काळ बंद करावा. चकतीच्या डिस्कवरून टेस्टडिस्क, फोटोरेक अशा मोफत साधनांनी काही परत मिळू शकते. पण ती डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडून, आणि सापडलेले दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊन.

बाबांच्या यादीतील सातांपैकी दोन घरांचा पत्ता आतापर्यंत लागला आहे. गुरुजींचे नातू तालुक्याच्या गावी राहतात. आम्ही ११ रुपयांचे ११०० करून नेले होते. त्यांनी पाकीट हाती घेतले नाही. म्हणाले, “पैशाचं राहू द्या. आमच्या आजोबांचं नाव जिथं लिहिलं आहे, तेवढं पान आम्हाला द्या.” ते पान आम्ही त्यांना छापून दिले. त्यांच्या घरी गुरुजींच्या हातचा एकही कागद शिल्लक नाही. उरलेल्या पाच घरांचा शोध चालू आहे, आणि जोंधळ्याच्या पायलीचा हिशेब कसा करावा हे अजून ठरायचे आहे.

वाचक बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे. आपल्या घरातही असा एखादा जुना संगणक असेल, आणि त्यावर नवी प्रणाली टाकून देणारा एखादा हुशार मुलगाही शेजारी असेल. त्याला जरूर बोलवावे. मात्र त्यापूर्वी एक वही घ्यावी, तीत पाच रकाने आखावेत आणि घरातील सर्वांनी मिळून एकेक फाइल उघडून पाहावी. विशेषतः जी माणसे आता नाहीत, त्यांनी त्या संगणकावर काय लिहून ठेवले आहे ते आधी वाचून काढावे.